हात नको लावजो

सोनगीर, ४ मार्च २०२५

लिलाबाई विहीणबाईंना सुंदरबाईचा रामराम.

फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी इकडून घसा फाडायचा, तुम्ही तिकडून "कोण? गॅसवाला का?" विचारायचं, आणि माझ्या गल्लीनं फुकटात ऐकायचं. तुमच्या कानांनी हात टेकले त्याला मी काय करू. मी तिसरी शिकलेली, तुम्ही चौथी, एवढ्यावर तुम्ही जन्मभर मिरवलं, तर आता वाचा.

विषय समीक्षाचा. माझ्या मेघाची लेक आणि तुमच्या ज्ञानेश्वरची पण, म्हणजे निम्मी माझी आहे हे आधी लिहून ठेवते. परवा जळगावहून आली होती. मी शेंगा फोडत बसले, ही लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानांवर डबे लावून डोलते. विचारलं, काय करते? म्हणे, "आजी, बीट." म्हणे हळदीत डीजे वाजतो ना, त्यातून गाणाऱ्याला उठवून दिलं की मागे जे उरतं ते. हे ती घरी बसून बनवते. गाणारे विकत घेतात, वर आपले शब्द बसवतात. ही तिची पहिली, विकायला काढलेली.

म्हणलं, वाजव. खालून ढब, ढब, टण्ण. ते कॉम्प्युटरचं काहीतरी असेल, पण माझी मान हलली, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात तुम्ही! "हात नको लावजो रे, समीक्षाचं हाये ते!" मी दचकून दाराकडे पाहिलं. म्हणलं तुमची फैजपूरची गाडी कधी लागली.

पोरगी हसून लोळली. म्हणे हा टॅग. कोणी न विचारता उचललं तरी आवाजच सांगतो माल कोणाचा. मागच्या श्रावणात कानबाई देवीच्या दिवशी तिच्या वाट्याचा प्रसादाचा रोट तुम्ही ताटलीखाली झाकला होता, कोण्या पाहुण्यानं हात घातला, तुम्ही ओरडल्या, ते हिच्या मोबाईलमध्ये सापडलं. आता दर थोड्या वेळानं तुम्ही ओरडता.

लिलाबाई, रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्यांना द्यायचा नाही, हे मला शिकवू नका. ती लेकीची लेक. कानबाईला ती तुमच्या पंगतीत बसणार, माझ्या घरचा रोट तिला चालणार नाही. नियम मी केला नाही, मोडणार पण नाही. पण कॉम्प्युटरला कोणतं कुळ आहे? तिथे पण तुमचीच पंगत? आणि बीटचं नाव काय ठेवलंय तर "लिला". दर आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेक-नात माहेरी येतात तर झोका मी बांधते, सांजोऱ्या मी तळते, आणि नाव लिला.

खरं सांगा, नाव तुम्ही मागून घेतलं ना?

आज आठवड्यानं नळ आला. हंडा बडवून गल्ली उठवली, हात भरून आलाय, म्हणून अक्षर वाकडं. एरवी तुमच्यापेक्षा बरं आहे.

सुंदरबाई


फैजपूर, १५ मार्च २०२५

सुंदरबाईंना रामराम.

पत्र पोचलं. अक्षर हात भरून न येता पण तसंच असतं, मेघाच्या लग्नाच्या यादीत पाहिलं होतं.

नाव मी मागितलं नाही. पोरीच्या मनात आलं, तिनं ठेवलं. मी काय म्हणणार? मला तर त्यातलं ऐकू पण येत नाही. ती मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते, मी वाचते. चौथी शिकल्याचा एवढा उपयोग.

तुमच्यापर्यंत आलं नसेल म्हणून सांगते, भाव काय लावायचा ते तिनं मला विचारलं. मी म्हणलं, बाई, आम्ही केळीवाले. व्यापारी येतो, घड कापून नेतो, त्याचे पैसे वेगळे. बुंधा आपला राहतो, त्याच्यातून पुन्हा पिलबाग धरतो. बागच विकली तर पैसे वेगळे. तिला पटलं. म्हणे तिच्या धंद्यात पण तसंच असतं. भाड्यानं दिली तर थोडे पैसे, पण चौघांना देता येते. एकालाच कायमची दिली तर कितीतरी पट मागायचे, कारण मग दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आणि काही झालं तरी बनवणारीचं नाव लागलं पाहिजे. आधी सगळ्यांना माझ्या आवाजाची ऐकवायची. कागदावर सही आणि पैसे झाले की मगच बिनआवाजाची कोरी प्रत द्यायची. म्हणजे कुलूप मी आहे.

चाळीसगावची दिपमाला म्हणून एक गाणारी पोरगी आहे, तिनं ऐकली. भाड्यानं घेते म्हणाली, आणि समीक्षाचं नाव गाण्याच्या सुरुवातीलाच दाखवते म्हणाली. ज्ञानेश्वर हिच्या मागे बँकेच्या परीक्षेसाठी लागलाय, तुम्हाला माहीत आहे. हे एक गाणं निघालं तर एक वर्ष थांबतो म्हणालाय. पोरीचा सगळा जीव त्याच्यात आहे.

केळीचे वेफर्स पाठवतेय. तुमच्या दातांना सोसतील ते पातळ निवडले.

लिलाबाई


सोनगीर, २ एप्रिल २०२५

विहीणबाई,

वेफर्स पोचले. खवट निघाले. गल्लीतल्या पोरांना वाटले, त्यांना कळत नाही.

कुलूप म्हणे. मी पोरीला फोन केला, म्हणलं मला तुझ्या फैजपूरच्या आजीशिवायची पाठव, माझ्या घरात तिचा ओरडा नको. आधी आढेवेढे घेतले. मग म्हणे, "फक्त तुझ्या ऐकण्यापुरती हां, पुढे कोणाला देऊ नको." पाठवली. काय सांगू, तुम्ही नसल्यावर किती गोड वाजते! ढब, ढब, टण्ण, आणि मधे कोणी वसकन अंगावर येत नाही. रोज ऐकते.

दुसरं. आमच्या गल्लीतल्या पुना तांबटाचा हिलाल, डीजेची गाडी चालवतो, माहीत असेल. त्यानं माझ्या ओट्यावर बसून ऐकली. म्हणाला, "आक्का, ही मला द्या, हळदीचा सीझन तोंडावर शे." पेढे आणले. तीन हजार मोजले. पोरीची परीक्षा चालू, तिला कशाला त्रास. तुम्ही घड-बुंधा सांगत बसल्या, मी व्यवहार करून मोकळी झाले. पैसे मेघाकडे पाठवते.

नाव पण बदलून घेतलं. तो "हळदीचा धिंगाणा" ठेवणार आहे. कोणाच्याच आजीचं नाव नाही, म्हणजे भांडण नाही.

दिपमाला की कोण, तिनं दुसरी बनवून घ्यावी. बनवणारी घरचीच आहे.

सुंदरबाई


फैजपूर, ७ मे २०२५

सुंदरबाईंना,

आखाजीला समीक्षा तुमच्याकडे आली नाही. परीक्षेचं कारण सांगितलं असेल. परीक्षा आधीच संपली. ती इथे माझ्याकडे येऊन झोपून होती.

तुमच्या हिलालचं गाणं निघालं. ज्ञानेश्वरनं मला लिहून दाखवलं. वर कोणीतरी पोरगा हळदीचं गातो, खाली बीट हिची, आणि नाव "संगीत : डीजे हिलाल". हिनं आपली बीट स्वतःच्या चॅनलवर टाकली होती. हिलालनं ती त्याची आहे म्हणून तक्रार केली, ती बंद झाली. स्वतः बनवलेल्या वस्तूची पोरगी चोर ठरली. दिपमालाच्या घरच्यांनी कळवलं, भांडणाचा माल नको. आणि ज्ञानेश्वर बँकेच्या क्लासची फी भरून आला.

मी पोरीला विचारलं, कोरी प्रत कोणाकोणाला दिली होती? ती म्हणे, एकालाच. कोणाला? दोन दिवस विचारलं, नाव घेतलं नाही.

मी पण घेत नाही. तुमचं पत्र माझ्याकडे आहे, ते मी ज्ञानेश्वरला दाखवलं नाही.

माझा आवाज तुम्हाला टोचत होता तर मला सांगायचं होतं. मी पोरीला म्हणले असते, काढ. कुलूप मला नको होतं म्हणून चोराला किल्ली कोणी देतं का?

लिलाबाई


सोनगीर, २९ मे २०२५

लिलाबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. जेवण पूर्ण केलं. अन्नावर राग काढायची सवय मला नाही.

मग मेघाला फोन लावून पोरीला फोनवर बोलावून घेतलं. म्हणलं, मी कागदावर सही केली आहे. हिलालनं लिहून आणलं होतं, "नातीच्या वतीने बठ्ठे हक्क दिले." म्हणजे सगळेच. आता कसं फिरवायचं? मला वाटलं ती रडेल. ती एकदम सरळ आवाजात म्हणाली, "आजी, तुझी सही चालतच नाही. बीट मी बनवली, मी सज्ञान आहे. माझ्याशिवाय कोणी विकू शकत नाही. त्याच्याकडे आहे तो नुसता कागद."

सही चालत नाही म्हणे! सोसायटीत माझी सही चालते, रेशनला चालते, हिच्या आईच्या लग्नाचा खर्च माझ्या सहीवर निघाला, आणि इथे चालत नाही. राग आला. पण खाली ठेवलेलं ताट उचलायला गेले तेव्हा कळलं, हात हलका झालाय.

पण हिलाल ऐकेना. पोरीनं फोन केला तर म्हणे, तुमच्या आजीनं सांगितलं नात हो म्हणाली, मी त्या भरवशावर पैसे दिले. आणि ते खरं आहे. मी तसं सांगितलं होतं. हे तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

परवा नळ आला. मी हंडा बडवला, गल्ली उठली, सगळ्या बाया भांडी घेऊन रांगेत. मी हंडा पुना तांबटाच्या दारात पालथा घातला आणि त्याच्यावर बसले. म्हणलं, हिलालला उठव.

पुना म्हणे, "आक्का, पाणी भरा ना, सकाळीच काय?"

"पाणी नंतर. त्या कागदावरची सही मनी शे. बीट मनी शे का?" सही माझी, पण बीट माझी थोडीच.

हिलाल डोळे चोळत आला. "आक्का, तुम्हीच सांगं ना, नात हो म्हनी!"

"मी खोटं सांगं."

बाया घागरी भरायच्या थांबल्या. तुम्हाला आमची गल्ली माहीत आहे, पाणी सोडतील पण हे सोडणार नाहीत. पुनाची बायको आतून बाहेर आली. हिलालनं विचारलं, "पन का? तुम्हाले काय मिळनं?"

आता काय सांगणार? पेढे म्हणू? तीन हजार तर मी मेघाकडे तसेच पाठवले. म्हणलं, "त्यात मनी विहीण वरडे, ते माले नको व्हतं."

रांग जी हसली ना लिलाबाई, अजून हसते. काल भाजीवाल्यानं पण विचारलं, विहीण बरी आहे का. हसा तुम्ही पण, एकदाच हसून घ्या.

पुनानं मात्र पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुसऱ्यानं ठोकलेल्या भांड्यावर आपला छाप मारला तर मी तुले घरात ठेवू का रे?" तांबटाच्या घरात एवढं सांगितलं की पुरे. हिलालनं तक्रार मागे घेतली. पोरीनं जळगावहून कागद करून पाठवला : तीन हजार हे भाडं, त्यानं हळदीत वाजवावं, गाण्यावर समीक्षाचं नाव, दुसऱ्या कोणाला पण ती देऊ शकते. आणि सुरुवातीला टॅग. ही तिचीच अट. मी म्हणलं, एवढं तरी सोड. म्हणे, "नाही आजी. तेवढंच नाही."

हिलालनं सही केली. मी साक्षीदार. तिथे चालली माझी सही.

सुंदरबाई


सोनगीर, ६ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

दोन महिने झाले, तुमचं उत्तर नाही. रागावल्या असाल तर रागवा, पण कळवा. न कळवता रागावलेलं मला मोजता येत नाही.

दिपमालाचं गाणं आलं, मेघानं ऐकवलं. पोरगी बरी गाते, शेवटी थोडी नाकात. समीक्षाचं नाव पहिल्या ओळीत आहे. आणखी दोघांनी भाड्यानं घेतली म्हणे. ज्ञानेश्वरनं वर्ष दिलं. क्लासची फी परत मिळत नाही, ती तुमच्या मुलाच्या घाईची फी.

रविवारी कानबाई बसली. तुमच्याकडे पण बसली असेल, समीक्षा तुमच्या पंगतीत असेल, रोट खाल्ला असेल. सोमवारी आमची कानबाई विसर्जनाला निघाली. डोक्यावर घ्यायचा मान यंदा माझ्या सुनेकडे, मी मागे चालते. पुढे हिलालची गाडी. मी त्याला बजावलं होतं, समीक्षाचं नको, बाकी काय वाजवायचं ते वाजव. त्यानं नेमकं आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते लावलं. एवढे मोठे भोंगे, घराची कौलं हलतात, आणि त्यातून तुम्ही : "हात नको लावजो रे, समीक्षाचं हाये ते!"

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. पोरं तुमच्याबरोबर ओरडतात. त्यांना पाठ झालंय, तुमच्यासारखं "हाये" म्हणतात, आपलं "शे" विसरले. पुनाची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणे, "आक्का, विहीण उनी वं!" विहीण आली म्हणे.

देवीमागे चालत होते म्हणून हिलालला सोडलं. पण चालताना पाऊल चुकत नव्हतं, तेवढं सांगते. ते खालचं ढब, ढब आहे ना, त्याच्यावर पाय आपोआप पडतो. तुमच्या आवाजावर नाही.

तुम्ही जिंकल्या. झालं?

सुंदरबाई


फैजपूर, १७ ऑगस्ट २०२५

सुंदरबाईंना रामराम.

उत्तर लिहायला तीनदा बसले, तीनदा फाडलं. तुम्ही भर नळावर सगळ्या बायांसमोर बोलल्या ते वाचलं आणि माझ्याकडे लिहायला काही उरलं नाही. जे होतं ते लिहायची इच्छा नव्हती. आता लिहिते.

नाव मी मागून घेतलं.

थंडीत समीक्षा इथे आली होती, बीट तेव्हा नुकती तयार झाली. तिनं आनंदानं लावली, मला काय ऐकू येणार? तिनं माझा हात धरून स्पीकरवर ठेवला. म्हणाली, इथे कळेल. माझा आवाज आला तेव्हा तिनं बोट दाखवलं, आत्ता तू. हाताला काही नाही. मुंगी चालून गेल्यासारखं. पण खालचा तो ढब येतो ना, तो तळव्यातून कोपरापर्यंत चढतो. कान गेल्यापासून मला काही एवढं लागलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा हात ठेवला. विचारलं, बाई, हे काय वाजवलंय?

तिनं मोबाईलवर लिहिलं, "सोनगीरच्या आजीचा हंडा."

मागच्या वर्षी आखाजीला ती तुमच्याकडे होती, तेव्हा नळ आला आणि तुम्ही गल्ली उठवत होत्या, ते तिनं घेतलं होतं. त्याच्यावर सगळी बीट उभी आहे. मी वर दोन वाक्यं ओरडते, आणि मला ती पण ऐकू येत नाहीत.

मला सहन झालं नाही. मी म्हणलं, मग नाव तरी माझं ठेव. आणि शपथ घातली की तुमच्या सोनगीरला हंड्याचं सांगायचं नाही. तिनं पाळली. तुम्ही कॉम्प्युटरचं म्हणल्या, मला बरं वाटलं. रोज ऐकते म्हणल्या, तेव्हा पण गप्प बसले.

तुम्ही माझा आवाज काढला. मी तुमचा होता तिथेच झाकून ठेवला.

कानबाईच्या रविवारी रोट खाताना समीक्षाला शपथेतून सोडलं. ती तुम्हाला फोन करणार होती, मी म्हणलं थांब, हे मलाच लिहू दे.

लिलाबाई


सोनगीर, २५ ऑगस्ट २०२५

लिलाबाई,

पत्र वाचलं. उठून हंडा ओट्यावर पालथा केला, उलथन्यानं हाणलं. ढब. पोटाला जिथे पोचा पडलाय तिथे हाणलं. टण्ण. तेच. बाया धावत आल्या भांडी घेऊन. म्हणलं जा, नळ नाही आला.

एवढे महिने रोज ऐकत होते आणि स्वतःचा हंडा ओळखला नाही. कान माझे धड आहेत, कशाला आहेत कोण जाणे.

तुमच्यावर रागवायला बसले होते. पण तुम्ही मागितलं ते नाव आणि मी दिली ती कोरी प्रत, दोन्ही समोरासमोर ठेवली, तर माझी बाजू जड होते. म्हणून रागवत नाही. पुढे कधी तुम्ही काही केलं तर त्यात धरीन.

पोरीला फोन करून सांगितलं, "लिला" नाव राहू दे. टॅग पण राहू दे. आता पोरांनी पाठ केलाय. पण पुढच्या बीटचं नाव "सुंदर", आणि त्यात ओरडणार मी. काल ओट्यावर बसून चार वेळा ओरडून पाठवलं, "समीक्षानं शे, ठेव खाली!" म्हणे चौथं चांगलं आलं. तुम्ही आता काही मागायला जाऊ नका, उशीर झालाय.

वेफर्स खवट नव्हते. पोरांना दिले नाहीत.

येत्या आखाजीला ज्ञानेश्वरला सांगा, मेघा आणि समीक्षाबरोबर तुम्हाला पण गाडीत घालून आणायला. विहिणीला आखाजीला बोलवायची रीत नाही, पण मी बोलावते. नळ त्या दिवशी येईल न येईल, मी हंडा बडवीन. बाहेरून हात लावजो. हात ठेवला की पितळेचा आवाज बसतो, मला माहीत आहे. एक दिवस बसला तर बसला.

हंडा मात्र माझा शे.

सुंदरबाई